किनाऱ्यावरच्या छोट्या लॉजसाठी वीजबचत: मीटर, गीझर, एसी आणि समुद्राकडचे दिवे

श्रीवर्धन, दापोली, गुहागर, मालवण या पट्ट्यात घराला जोडून चार-सहा खोल्या काढायच्या आणि पर्यटक ठेवायचे, हा आता कितीतरी कुटुंबांचा मुख्य व्यवसाय झाला आहे. खोलीचं भाडं ठरवताना जेवण, धुलाई, बुकिंगचं कमिशन सगळं धरलं जातं. वीज मात्र ‘येईल ते बिल भरू’ म्हणून सोडून दिली जाते. हा लेख अशा चार ते दहा खोल्यांच्या लॉज आणि होमस्टे चालवणाऱ्यांसाठी आहे.

माझं मत आधीच सांगते. बचतीचा भार पाहुण्यावर टाकू नये. पैसे मोजून दोन रात्रींसाठी आलेल्या माणसाला उकाड्यात ठेवून किंवा गार पाण्याने अंघोळ करायला लावून पर्यावरणाचं प्रेम उत्पन्न होत नाही. आधी घराची व्यवस्था नीट लावायची, मग पाहुण्याशी बोलायचं. तेव्हा तो मनापासून ऐकतो, कारण आपण काय करतोय हे त्याला डोळ्यांनी दिसत असतं. खालचा क्रमही तसाच आहे.

बिल आणि मीटर वाचा

गेल्या बारा महिन्यांची महावितरणची बिलं समोर घ्या. प्रत्येक महिन्याच्या युनिटपुढे त्या महिन्यात किती खोल्या किती रात्री भरल्या ते लिहा. चार खोल्या दहा रात्री भरल्या असतील तर आकडा ४०. युनिटना या आकड्याने भागलं की एका भरलेल्या खोलीमागे रात्रीला किती वीज लागते ते कळतं. पुढची सगळी कामं याच आकड्यावर तपासायची. नुसत्या बिलाकडे बघून मे महिन्यातली वाढ गर्दीची की उधळपट्टीची हे ओळखता येत नाही.

मग जुलैचं बिल बघा. पर्यटक जवळजवळ नाहीत, एसी बंद, तरी युनिट पडलेले असतात. त्यातून घरच्या माणसांचा वापर वजा करा. जे उरतं ते कोणाच्याही उपयोगी न पडता जळलेलं असतं, आणि ते सीझनमध्येही रोज जळत असतं.

बिलावर वर्गवारीही छापलेली असते, घरगुती की वाणिज्यिक. ती नीट वाचून ठेवा, सौर पॅनेलच्या अनुदानाच्या वेळी तिच्यावरच गाडी अडते. टीओडी मीटर, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लावणारा मीटर, बसला असेल तर कोणत्या तासांना कोणता दर लागतो तेही पाहा. आणि बिलाच्या पूर्ण रकमेला युनिटनी भागून आपला खरा दर काढा. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन, स्थिर आकार, वीज शुल्क हे सगळं धरून तो दर छापील दरापेक्षा बराच जास्त निघतो. या लेखातल्या हिशेबांसाठी मी १० रुपये धरते.

आता मीटरसमोर उभं राहायचं. डिजिटल मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळच ‘३२०० इम्पल्स’ किंवा ‘१६०० इम्पल्स’ असा आकडा असतो. म्हणजे तेवढ्यांदा लुकलुकलं की एक युनिट झालं. रात्री साडेअकराला, पाहुणे झोपल्यावर, मोबाईलवर एक मिनिट लावून लुकलुक मोजा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला १६ वेळा लुकलुकलं तर त्या क्षणी ३०० वॅट चालू आहेत. हे ३०० वॅट रात्रंदिवस चालले तर महिन्याला २१६ युनिट. मग एकेक एमसीबी (बोर्डातला त्या-त्या लाइनीचा सुरक्षा-स्विच) खाली करत जा आणि लुकलुक कुठे मंदावते ते पाहा. पैसे खर्च न करता कोणत्या खोलीच्या, कोणत्या लाइनीवर काय चाललंय याचा नकाशा तासाभरात तयार होतो. फ्रीज त्या मिनिटाला चालू होता की बंद, याची नोंद मात्र ठेवा, नाहीतर आकडा फसवतो.

घरातली सगळी बटणं बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला तर कुठेतरी गळती आहे किंवा विसरलेलं उपकरण आहे. किनाऱ्यावर खारी हवा तारेच्या जोडांना खाते, सैल जोड तापतात. हात लावल्यावर गरम लागणारा स्विचबोर्ड दिसला तर आधी वायरमनला बोलवा. वीज वाचवण्याआधी तिथे आग टाळायची असते. बाथरूमच्या लाइनीवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, नसेल तर याच फेरीत बसवून घ्या.

गरम पाणी

लॉजच्या खर्चात एसीचं नाव सगळे घेतात. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत कोकणात एसी फारसा लागत नाही आणि गीझर मात्र प्रत्येक खोलीत चालतो. म्हणून मी पाण्यापासून सुरुवात करायला सांगते.

एक आकडा पाठ करून ठेवा: ८६०. एका युनिट विजेत ८६० लिटर पाणी एका अंशाने तापतं. २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४० वर न्यायची तर २० गुणिले १५ म्हणजे ३००, भागिले ८६०, म्हणजे साधारण ०.३५ युनिट. तोच पाहुणा मिनिटाला ९ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटं उभा राहिला तर ७२ लिटर, म्हणजे सव्वा युनिट. म्हणून पहिला खर्च शॉवरच्या तोंडावर करावा. मिनिटाला पाच-सहा लिटर सोडणारा, हवा मिसळणारा शॉवर स्वस्तात मिळतो आणि पाहुण्याला फरक जाणवत नाही. बादली आणि तांब्या मात्र प्रत्येक न्हाणीत असू द्या, आपल्याकडच्या पुष्कळ माणसांना तशीच अंघोळ आवडते.

दुसरं, गीझरचं तापमान. बहुतेक गीझर कंपनीतून येतात तसेच ६०-७० अंशांवर राहतात आणि पाहुणा त्यात अर्धं गार पाणी मिसळतो. ५० ते ५५ वर आणा. साठवणीच्या गीझरवरच्या तारांकन लेबलवर पाणी न वापरता नुसतं तापवून ठेवलं तर २४ तासांत किती वीज वाया जाते तेही छापलेलं असतं. नवा घेताना लिटरइतकंच लक्ष त्या आकड्याकडे द्या. दोन माणसांच्या खोलीला १५ लिटरचा पुरतो, २५ चा घेऊन रोज दहा लिटर उगाच तापवत ठेवू नये.

तिसरं, ऋतू. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारनंतर आपोआप कोमट असतं. त्या महिन्यांत गीझरची एमसीबी खालीच ठेवावी आणि कोणी मागितलं तर वर करावी. मागणारे थोडेच असतात.

यानंतर सौर बंब. दिवसाला १०० लिटर क्षमतेचा सौर बंब वर्षाला सुमारे १५०० युनिट वाचवू शकतो, असा केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा ढोबळ हिशेब आहे. लॉज पावसाळ्यात बंद आणि आठवड्यातले चार दिवस रिकामा असेल तर आपल्याला त्याच्या निम्मेही मिळणार नाहीत, हे धरूनच क्षमता ठरवा. सहा खोल्यांना ६०० लिटर लावायला सांगणारे विक्रेते भेटतात. शनिवार-रविवारची गर्दी धरूनही ३०० लिटर आणि मदतीला गीझर हे गणित जास्त बरं बसतं.

किनाऱ्यावर सौर बंब बसवताना काही गोष्टी डोंगरावरच्या गावांपेक्षा वेगळ्या असतात. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर साधी टाकी आतून गंजते. टाकीचा धातू आणि आतलं अस्तर विचारून घ्या, मचूळ पाण्यासाठी चालेल असं बिलावर लिहून घ्या. नळ्यांवर माडाची सावली पडते आणि त्याहून वाईट म्हणजे नारळ पडतो. एका नारळात दोन नळ्या जातात. जागा ठरवताना डोकं वर करून माड कुठे आहेत ते बघा, वाऱ्यात झाप किती लांब जाते तेही बघा. टाकीपासून खोलीपर्यंतच्या पाइपवर उष्णतारोधक वेष्टण हवंच. नाहीतर पहाटे पाहुणा गरम पाणी येईपर्यंत दोन बादल्या ओतून देतो, आणि त्या बादल्या पंपाने वर चढवायला पुन्हा वीज गेलेली असते.

जुन्या घरात तांब्याचा बंब असेल तर तो अडगळीत टाकू नका. करवंट्या, सोडणं, झापांचे दांडे हे वाडीत पडलेलंच असतं. थंडीच्या दिवसांत सकाळी एक बंब पेटवला तर दोन-तीन खोल्यांच्या अंघोळी होतात. धूर बाहेर जाईल अशी न्हाणीबाहेरची जागा निवडा. पाहुण्यांच्या मुलांना ही गोष्ट फार आवडते, त्यांचे फोटोही तिथेच निघतात. पण धुराचा त्रास असणारं कोणी घरात असेल तर हा उपाय सोडून द्यावा.

एसी

एसीकडे वळण्याआधी छताकडे बघा. मंगळुरी कौलं आणि चिऱ्याच्या भिंतींची खोली संध्याकाळी लवकर निवते. स्लॅबची खोली मात्र दिवसभर ऊन पिते आणि रात्री दहापर्यंत आत सोडत राहते, तिथे एसीला त्या उन्हाशी झुंजावं लागतं. स्लॅबवर उन्हाळ्याआधी चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा पांढरा हात द्या. पश्चिमेच्या भिंतीला पडवी काढा, निदान झापांचा मांडव तरी घाला. पत्र्याचं छत असेल तर खाली बांबूच्या चटईचं छत करून मध्ये हवा खेळती ठेवा. खिडक्यांना बारीक जाळी असेल तर पाहुणा डासांच्या भीतीने त्या बंद करत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत समुद्राचा वारा पुरतो. ही कामं मिस्त्री आणि रंगारी करतात म्हणून कोणी त्यांना वीजबचत म्हणत नाही. माझ्या अनुभवात मात्र स्लॅबच्या खोलीत यांच्याइतका फरक कशानेच पडत नाही.

आता यंत्र. १२० चौरस फुटांपर्यंतच्या, सावलीतल्या खोलीला एक टन पुरतो. ‘दमदार हवा’ म्हणून दीड टनाचा घेतला तर साधा एसी लवकर गार करून लवकर बंद होतो आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो. कोकणात खरा त्रास दमटपणाचा आहे. इन्व्हर्टर एसी मंद गतीने सतत चालतो, त्यामुळे ओल ओढली जाते आणि वीजही कमी लागते. खरेदीच्या वेळी लेबलवरचे वार्षिक युनिट बघा. ते वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेले असतात, आपले तास वेगळे असतील तर त्या प्रमाणात गुणा. बाहेरच्या युनिटची कॉइल तांब्याची आणि गंजरोधक लेपाची घ्या. समुद्रापासून शंभर मीटरवर बिनलेपाच्या पातळ पात्यांची जाळी दोन-तीन पावसाळ्यांत भुगा होते, आणि जाळी गेली की तोच गारवा मिळवायला जास्त वीज लागते. बाहेरचं युनिट वाऱ्याच्या थेट माऱ्यात लावू नका. पर्यटकांचा हंगाम चालू असताना दर पंधरवड्याला आतला फिल्टर धुवा आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या जाळीवर साधं गोडं पाणी हलक्या धारेने सोडा. बटण बंद करूनच.

तापमानाबद्दल. १ जानेवारी २०२० पासून तारांकन असलेल्या खोलीच्या एसीला सुरू होताना २४ अंश ठेवणं बंधनकारक झालं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्यानुसार एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. पाहुणा आल्या आल्या १८ करतो आणि पहाटे रजई मागतो, हे प्रत्येक लॉजवाल्याने पाहिलेलं आहे. त्याला भाषण देण्यापेक्षा त्याच्या येण्याआधी वीस मिनिटं २५ वर एसी आणि दोनवर पंखा लावून ठेवा. उन्हातून आलेल्या माणसाला दार उघडताच गारवा लागला की तो रिमोटला हात लावत नाही. किल्ली देताना एवढंच म्हणा: “दादा, एसी पंचवीसवर लावलाय आणि पंखा दोनवर. उकडलं तर कमी करा हं, काही संकोच नको.” परवानगी दिल्यावर कमी करणारे थोडेच निघतात. आधी वीस मिनिटं चालवलेली वीज रात्रभराच्या १८ पुढे काहीच नाही. आमच्याकडे उशाशी एक पातळ सुती चादर आणि कपाटात एक गोधडी, एवढंच ठेवतात. जाड रजई दिसली की हात १८ कडे जातो.

एकच खोली एसी आणि बिनएसी अशा दोन दरांत देता येते. एसीची एमसीबी वेगळी असली की झालं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बुकिंगच्या फोनवरच दोन्ही दर सांगा. बरीच कुटुंबं स्वतःहून स्वस्त दर घेतात, आणि त्यांनाही आपण काही सोसतोय असं वाटत नाही.

दारालगत किल्लीचं कार्ड खोचायचा स्विच बसवला की पाहुणा बाहेर पडताच खोली बंद होते. त्यात कोणतंही जुनं कार्ड खोचून ठेवणारे असतातच. म्हणून कार्डाऐवजी खोलीच्या किल्लीलाच जोडलेला लाकडी किंवा फायबरचा टॅग लागेल असा स्विच निवडा. एक चार्जिंगचा पॉइंट मात्र त्याच्या बाहेर ठेवा. बाहेर फिरायला जाताना कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज होत राहिली पाहिजे, नाहीतर तक्रार ठरलेली.

पंखे आणि चोवीस तास चालणाऱ्या वस्तू

साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा) पंखा पूर्ण वेगात ३० च्या आसपास. दिवसाला १४ तास आणि वर्षाला २०० रात्री धरल्या तर एका पंख्यामागे सुमारे १२५ युनिट, म्हणजे साडेबाराशे रुपये वाचतात. पंखा तीन हजारांच्या आसपास येतो, अडीच वर्षांत पैसे फिटतात. जुना रेग्युलेटर लाइनीतून काढूनच तो लावायचा असतो, हे वायरमनला आठवणीने सांगा. रिमोट पाहुण्यांबरोबर गावाला जातात, म्हणून भिंतीवर रिमोटची खोबण करा किंवा भिंतीवरच्या बटणाने वेग बदलणारं मॉडेल घ्या.

टीव्हीचा सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी १० वॅटच्या आसपास घेत राहू शकतो. वर्षाला ८७ युनिट. सहा खोल्यांचे सव्वापाचशे, कोणी न बघितलेल्या टीव्हीचे. बॉक्स, टीव्ही आणि स्टॅबिलायझर एकाच बटणावर घ्या आणि खोली रिकामी झाली की झाडणाऱ्या मावशींनी ते बंद करायचं, असं ठरवून टाका. खरं तर समुद्राकाठी खोलीत टीव्ही हवाच का, हाही विचार करून पाहा. ओटीवर एक ठेवला तरी चालतो.

स्वयंपाकघरात फ्रीज आणि मासळीचा डीप फ्रीझर. दाराच्या रबरात शंभराची नोट अडकवून दार लावा आणि नोट ओढा. सहज निसटली तर रबर गेलं आहे, ते बदलून मिळतं. मागे आणि बाजूला चार बोटं जागा सोडा, चुलीच्या भिंतीपासून लांब ठेवा, बर्फ पाव इंचाहून जाड झाला की उतरवा. काचेच्या झाकणाचा फ्रीझर दुकानात शोभतो, घरात बंद झाकणाचा घ्या. आणि बाजार जवळ असेल तर एवढी मासळी साठवायची का, हेही बघा. ताजी सुरमई संध्याकाळच्या लिलावातून आणलेली पाहुण्याला जास्त आवडते.

पंपाचं थोडक्यात: एक अश्वशक्तीचा पंप तासाला युनिटभर खातो. टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच लावा, विहिरीतला फूट व्हॉल्व्ह गळतो का बघा, गळके नळ त्याच दिवशी दुरुस्त करा. चादरी गार पाण्यात धुऊन दोरीवर वाळवा. दोन रात्रींच्या मुक्कामात टॉवेल मागितल्यावरच बदला.

समुद्राकडचे दिवे

इथे वीजबचत आणि निसर्ग अगदी एका जागी येतात, म्हणून जरा थांबून सांगते.

कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालतात. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा काळ. मादी रात्री वाळूवर येते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. दीड ते दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला या घरट्यांच्या रक्षणाचं काम सुरू केलं. आज वेळासला पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं येतात आणि गावातल्या घरांतच उतरतात. आंजर्ले, गुहागर इथेही संवर्धनाचं काम चालतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या कासवाला संरक्षण आहे.

पिल्लू वाळूतून वर आलं की ज्या दिशेला क्षितिज जास्त उजळ, तिकडे जातं. निसर्गात रात्री समुद्र जमिनीपेक्षा उजळ असतो. लॉजच्या गच्चीवर ५० वॅटचा पांढरा फ्लडलाइट असेल तर ते उलट जमिनीकडे वळतं आणि कुत्र्यांच्या, कावळ्यांच्या तोंडी जातं. मादीही उजेड दिसला तर वाळूवर यायला कचरते. सापडलेली घरटी कुंपणाच्या आत हलवली जातात, पण न सापडलेली राहतातच.

म्हणून बाहेरच्या दिव्यांसाठी हा क्रम धरा. समुद्राकडे तोंड असलेला प्रत्येक दिवा आधी मोजा. सजावटीसाठी असलेला काढून टाका. वाटेसाठी लागणारा गुडघ्याइतक्या उंचीवर आणा, वरून झाकण द्या, उजेड खाली पायांपुरता पडू द्या. पाच वॅट पुरतात. रंग पिवळा-नारिंगी घ्या, पांढरा-निळसर नको. जिन्याला आणि बाहेरच्या संडासाला हालचालीवर लागणारा सेन्सर बसवा. खोलीच्या समुद्राकडच्या खिडक्यांना जाड पडदे लावा. सुरक्षेसाठी फ्लडलाइट हवाच असेल तर तो रस्त्याच्या बाजूला, जमिनीकडे तोंड करून. ५० वॅटचे दोन दिवे बारा तास चालले तर रात्रीला १.२ युनिट जातात. २०० रात्रींचे २४०.

सुरुवातीला पाहुणे विचारतात, “इथे एवढा अंधार का हो काकू?” त्यांना कासवाची गोष्ट सांगायची आणि ओटीवरून वर बघायला लावायचं. मुंबई-पुण्याच्या माणसाला इतकी नक्षत्रं कधी दिसलेली नसतात. मुलं तर खोलीत जायला तयार नसतात.

पाहुण्याशी बोलणं

खोलीत एकच छोटं कार्ड ठेवा. सूचनांचा फलक नको. आमच्या ओळखीच्या घरांत साधारण असा मजकूर चालतो:

“नमस्कार. इथलं पाणी उन्हावर तापतं, ढगाळ दिवशी गीझर लागतो, बटण दाराबाहेर आहे. एसी २५ वर आणि पंखा २ वर खोली छान गार होते. समोरच्या वाळूत कासवं येतात म्हणून गॅलरीचा दिवा आठनंतर बंद ठेवा. बॅटरी टेबलाच्या खणात आहे. काही कमी-जास्त वाटलं तर सांगा.”

प्रत्येक वाक्यात पाहुण्याच्या सोयीचं काहीतरी आहे, हे लक्षात घ्या. ‘वीज वाचवा, देश वाचवा’ असं लिहिलं की कोणी वाचत नाही.

ओटीवर एक पाटी टांगा. कालचं रीडिंग, आजचं रीडिंग, काल भरलेल्या खोल्या, खोलीमागे युनिट. मुलांना सकाळी मीटर वाचायला न्या, पाटीवर त्यांच्या हाताने लिहू द्या. एखादं पोर विचारतं की वीज येते कुठून. तेव्हा चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या कोळशावरच्या केंद्राबद्दल आणि साताऱ्यातल्या कोयना धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या १९६० मेगावॅटच्या जलविद्युत प्रकल्पाबद्दल सांगा. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे महिन्याला ३०० युनिट वाचवणारा लॉज २१० किलो वाचवतो. वायू डोळ्यांना दिसत नाही, मुलाला किलोत सांगितला की तो पटकन कळतो. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन आहे आणि पर्यटकांची गर्दी त्याच सुमाराला वाढू लागते. गावच्या शाळेच्या मुलांना त्या दिवशी मीटर मोजायला बोलावता येईल.

नोकर-चाकर आणि झाडलोटीच्या मावशींना या सगळ्यात वाटा द्या. खोली रिकामी झाल्यावर बटणं तेच बंद करतात. बिल कमी झालं तर त्यातला काही भाग दिवाळीला त्यांना द्यावा. तुमच्या कार्डापेक्षा याने जास्त वीज वाचते.

सौर पॅनेल सगळ्यांत शेवटी

वापर कमी केल्यावरच पॅनेलचा आकार ठरवा, नाहीतर उधळपट्टीला पुरेल एवढं मोठं पॅनेल विकत घेतलं जातं. एक किलोवॅटला सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते. कोकणच्या पावसाळ्यात ती फार घटते. पण तेव्हा लॉजही बंद असतो. नेट मीटरिंग असेल तर दिवसा तयार झालेली आणि न वापरलेली वीज ग्रिडला देऊन बिलातल्या वापरातून वळती करता येते.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत केंद्राचं अनुदान एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिकला ७८,००० रुपये आहे. ते घरगुती ग्राहकांसाठी आहे. लॉजची जोडणी वाणिज्यिक असेल तर अनुदान धरून हिशेब करू नका. आपली वर्गवारी काय आणि काय असायला हवी, हे महावितरणच्या उपविभागात लेखी विचारून घ्या.

आणि सांगाडा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात छपरं उडाली आणि कित्येक गावांत वीज अनेक आठवडे आली नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. त्यामुळे पॅनेलचा सांगाडा गॅल्व्हनाइझ्ड लोखंडाचा, स्लॅबमध्ये नीट अँकर केलेला आणि किनाऱ्याच्या वाऱ्याचा वेग धरून काढलेला हवा. स्वस्तातल्या रंगवलेल्या सांगाड्याचे बोल्ट दोन पावसाळ्यांत सडतात. ग्रिडला जोडलेलं साधं पॅनेल लाइट गेली की सुरक्षेसाठी बंद पडतं. वादळानंतर दिवे आणि पंप चालावेत असं वाटत असेल तर बॅटरीसहचा हायब्रिड इन्व्हर्टर सुरुवातीलाच मागा.

जूनमध्ये कुलूप लावताना

खोल्यांच्या एमसीबी खाली करा. एसी, गीझर, सेट टॉप बॉक्स, स्टॅबिलायझर यांचं काही चालू राहू नये. दोन फ्रीज असतील तर एक रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडं ठेवून बंद करा. घरचा इन्व्हर्टर घरच्या माणसांपुरत्या लाइनीवर ठेवा, बॅटरीचं पाणी बघा. एसीच्या बाहेरच्या युनिटवर प्लास्टिक गुंडाळू नका, आत ओल कोंडून गंज वाढतो. वरून पत्र्याचा आडोसा पुरतो. सौर बंबाच्या नळ्यांवर आणि पॅनेलवर आलेल्या फांद्या आणि सुकलेल्या झापा पहिल्या वाऱ्याआधी काढून घ्या. आणि नवरात्रात खोल्या उघडण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, अर्थिंगच्या खड्ड्यातली पट्टी खाऱ्या ओलीत झिजलेली असते.